छायाचित्राला चित्राचे रूप : संगणकीय संस्करणाची रीत आणि तिच्या मर्यादा

साध्या छायाचित्राला तैलचित्राचा, जलरंगाचा किंवा पेन्सिलीच्या रेखाटनाचा बाज देणे आता एका स्पर्शाचे काम झाले आहे. तरीही अशा रीतीने तयार झालेल्या शंभर चित्रांपैकी भिंतीवर लावण्याजोगी फारच थोडी निघतात. फिल्टर प्रत्येक छायाचित्रावर सारखाच चालतो. चित्रकार मात्र समोरच्या दृश्यातील काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे दर वेळी नव्याने ठरवतो. संगणकीय संस्करणातून कलात्मक परिणाम साधायचा असेल तर ही निवड यंत्रावर न सोपवता स्वतः करावी लागते. ती कशी करावी, तिच्यामागचे तंत्र काय आणि मूळ छायाचित्राचे मोल कोठे जपावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

हस्तसंस्काराची जुनी परंपरा

छायाचित्रावर हात फिरवण्याची हौस संगणकाबरोबर आलेली नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कार्यकारी मंडळावर पुढे डॉ. नारायण दाजी होते. पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे ते धाकटे बंधू. त्याच काळात मुंबईत काम करणाऱ्या विल्यम जॉन्सन याने शहरातील निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागील दृश्य दुसरीकडचे आहे. दोन्ही जोडून एकच चित्र केलेले आहे. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून एक भव्य रूपकात्मक चित्र साकारले होते. आज ज्याला ‘लेयर’ म्हणतात, त्याचे हे पूर्वरूप.

भारतात या तंत्राला रंगाची जोड मिळाली. संस्थानी दरबारांपासून शहरी स्टुडिओंपर्यंत कृष्णधवल छायाचित्रावर जलरंग किंवा तैलरंग चढवणारे कारागीर होते. चेहरा कॅमेऱ्याचा आणि शालू, दागिने, गालिचा कुंचल्याचा, अशी ती वाटणी असे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई या तिन्हींमधून गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी या कला किती जवळ होत्या याची कल्पना येते. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगवलेले पडदे, एकाच चित्रात एकाच माणसाच्या दोन प्रतिमा, जोडचित्रे असे प्रकार तेथे रूढ होते. आपण आहोत त्याहून अधिक चांगले ‘निघावे’ ही गिऱ्हाइकाची अपेक्षा होती आणि ती पुरवणे हे स्टुडिओवाल्याचे कौशल्य मानले जाई. फिल्टरमागची प्रेरणाही हीच आहे.

उदाहरणादाखल सिंधीपुरा

पुढील तंत्र समजून घेण्यासाठी एक विशिष्ट जागा डोळ्यांपुढे ठेवू. गोव्याहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून मध्य प्रदेशात शिरते, तेव्हा वाटेत बुऱ्हाणपूर लागते. तापीकाठचे हे शहर पूर्वी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. पुढे ते मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे बनले. १६३१ मध्ये मुमताजमहलचे निधन येथेच झाले आणि तिचे पहिले दफनही याच परिसरात झाले. शहराभोवती तट आणि वेशी होत्या. त्या वेशींची नावे आजही वस्त्यांना चिकटलेली आहेत. सिंधीपुरा ही त्यांपैकी एक. फारुकी काळात सिंधमधून आलेली सूफी घराणी आणि विद्वान येथे स्थायिक झाले, त्यावरून हे नाव पडले.

अशा जुन्या वस्तीतील वेशीचा फोटो दुपारच्या उन्हात मोबाईलवर काढला की त्यात हमखास काही गोष्टी येतात. आभाळ पांढरेफटक होते, कमानीखालची सावली काळीठिक्कर दिसते. विजेच्या तारा, फलक, उभ्या दुचाक्या, रस्त्यावरून जाणारी माणसे यांची गर्दी होते, आणि कॅमेरा वर रोखल्यामुळे भिंती आत झुकल्यासारख्या भासतात. डोळ्यांनी पाहताना मनाने या गोष्टी आपोआप बाजूला सारलेल्या असतात. कॅमेरा काहीच बाजूला सारत नाही. फोंडा, म्हापसा किंवा मडगावच्या जुन्या बाजारपेठेतही छायाचित्रकारापुढे हाच प्रश्न उभा राहतो.

मात्र ताजमहालाची असंख्य छायाचित्रे जगभर आहेत. सिंधीपुऱ्यासारख्या वस्तीची मोजकीच असतात. म्हणून तेथे काढलेले साधे छायाचित्रसुद्धा उद्याचा पुरावा ठरू शकते. वेशीची वीट कोठे ढासळली होती, कमानीला कोणता रंग फासला होता, शेजारी कोणते दुकान होते, हे पुढे त्यातूनच कळणार असते. कलात्मक संस्करण यांपैकी बऱ्याच गोष्टी पुसते. यासाठी पहिला नियम असा की मूळ फाईलवर कधीही काम करू नये.

मूळ प्रत आणि पूर्वतयारी

फोटो संगणकावर घेताच त्याची प्रत करावी. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये आणि शक्यतो दुसऱ्या डिस्कवरही ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवल्यास मूळ दर्जा राहतो. कॅमेऱ्यात ‘रॉ’ प्रकाराची सोय असल्यास ती वापरावी. जेपेग फाईल प्रतिमेचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती आकसते. ती फार आकसली असेल तर चित्रकारी फिल्टर लावल्यावर हेच चौकोन ठळक होऊन दिसतात.

जुने कौटुंबिक फोटो किमान ६०० पीपीआयवर स्कॅन करावेत. ६ बाय ४ इंचांच्या फोटोतून अशा वेळी ३६०० बाय २४०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करावा. डाग आणि पिवळेपणा रंगांतून वेगळा ओळखता येतो व काढणे सोपे जाते. गोव्याच्या दमट हवेत बुरशीचे ठिपके पडलेल्या फोटोंना हे विशेष लागू पडते.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. क्षितिज सरळ करावे. झुकलेल्या भिंती ‘पर्स्पेक्टिव्ह’ साधनाने उभ्या कराव्यात. चौकट कापावी. रंगांचा तोल साधावा. ‘कर्व्ह्ज’ वापरून सावलीतील तपशील थोडा वर आणावा आणि उजळ भाग थोडा दाबावा. याच टप्प्यावर चित्राचा अंतिम आकार ठरवावा. फिल्टरचा कुंचला पिक्सेलमध्ये मोजलेला असतो. मोठ्या प्रतिमेवर बारीक वाटणारा फटकारा लहान प्रतिमेवर जाडाभरडा दिसतो. फिल्टर लावून मग आकार बदलल्यास सगळी मेहनत वाया जाते.

तपशील गाळण्याचे शास्त्र

तैलचित्राचा आभास मुख्यतः एकाच गोष्टीतून निर्माण होतो. सपाट भागातील बारीक तपशील जातो आणि वस्तूंच्या कडा मात्र टिकतात. साधे ‘ब्लर’ वापरले तर दोन्ही धूसर होतात. या अडचणीवरचा एक मार्ग १९७६ मध्ये जपानी संशोधक कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय प्रतिमांवर काम करताना दिला. प्रत्येक पिक्सेलभोवती एक चौकोनी खिडकी कल्पावी आणि तिचे चार भाग करावेत. ज्या भागात उजेडाचा चढउतार सर्वांत कमी, त्या भागाची सरासरी छटा मधल्या पिक्सेलला द्यावी. पिक्सेल कडेजवळ असेल तर कडेपलीकडचा भाग आपोआप गळतो, म्हणून कडा शाबूत राहते. हृदयाच्या प्रतिमा स्पष्ट दिसाव्यात म्हणून शोधलेली ही युक्ती पुढे चित्रकारी फिल्टरांचा पाया बनली. १९९८ मधील ‘बायलॅटरल’ फिल्टर वेगळ्या गणिताने हेच काम करतो.

सिंधीपुऱ्याच्या कल्पित फोटोवर असा फिल्टर लावला तर विटांचे पृष्ठभाग रंगांच्या सपाट पट्ट्यांत बदलतील आणि कमानीची रेषा कायम राहील. पण विजेच्या ताराही कायम राहतील, कारण त्यांना ठळक कडा आहेत. फिल्टरच्या दृष्टीने कमान आणि तार यांत भेद नाही. म्हणून नको असलेल्या वस्तू फिल्टर लावण्याआधी ‘क्लोन’ किंवा ‘हीलिंग’ साधनाने हाताने काढाव्या लागतात. चित्रकाराची निवड येथून सुरू होते.

पेन्सिल, जलरंग आणि छापचित्र

पेन्सिलीच्या रेखाटनाची रीत कोणत्याही लेयर असलेल्या साधनात चालते. प्रतिमा कृष्णधवल करावी. तिच्या लेयरची प्रत काढून ती उलटी, म्हणजे निगेटिव्ह, करावी. या प्रतीला ‘गॉशियन ब्लर’ द्यावा आणि तिचा मिश्रणप्रकार ‘कलर डॉज’ ठेवावा. यात घडते ते असे : प्रत्येक जागेची मूळ छटा तिच्या आसपासच्या सरासरी छटेने भागली जाते. सपाट भागात दोन्ही सारख्याच असल्याने कागद पांढरा राहतो. जेथे छटा अचानक गडद होते तेथेच रेषा उमटते. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोसाठी ब्लरची त्रिज्या १० ते २० पिक्सेल ठेवून सुरुवात करावी. त्रिज्या वाढवली की रेषा जाड आणि छाया दाट होते.

जलरंगासाठी तीन थर लागतात. खाली कडा राखून मऊ केलेली रंगीत प्रतिमा. तिच्यावर पेन्सिलीच्या रीतीने काढलेल्या रेषा ‘मल्टिप्लाय’ प्रकारात, पण फिकट. सर्वांत वर खडबडीत कागदाचा स्कॅन, तोही ‘मल्टिप्लाय’ प्रकारात. हा कागद दुसऱ्याच्या संग्रहातून घेण्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातील जलरंगाचा कोरा कागद स्वतः स्कॅन केलेला बरा. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागदच असतो. त्यामुळे पांढरेफटक आभाळ येथे दोष राहत नाही. ते तसेच सोडता येते. उन्हातल्या फोटोंना जलरंगाचा बाज शोभतो तो यामुळे.

भित्तिपत्रकासारख्या छापचित्रासाठी ‘पोस्टराइझ’ साधनाने छटांची संख्या चार ते सहावर आणावी आणि प्रत्येक छटेला आपल्या पसंतीचा एकेक रंग द्यावा. वेशी, देवळांचे कळस, चर्चचे दर्शनी भाग, नारळाची झाडे असे ठळक आकार या रीतीत उठून दिसतात. माणसांचे चेहरे मात्र कठोर होतात.

कोठे हात आखडता घ्यावा

सगळीकडे सारखाच परिणाम दिसला की चित्र यंत्राचे आहे हे लगेच ओळखू येते. चित्रकार मुख्य विषयाजवळ बारकाईने आणि दूर ढोबळ काम करतो. संगणकावर हे ‘मास्क’ने साधते. फिल्टर लावलेला लेयर मूळ प्रतिमेवर ठेवून मास्कवर काळा कुंचला फिरवला की तेवढ्या जागी खालचे मूळ दिसू लागते. राखाडी कुंचल्याने अर्धवट दिसते. चेहऱ्यावरचे डोळे आणि ओठ, हातांची बोटे, दारावरचे कोरीवकाम आणि मुख्य म्हणजे अक्षरे येथे फिल्टरचा जोर कमी करावा. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. अशा लेखाच्या फोटोवर तैलरंगाचा फिल्टर लावला तर अक्षरे वाचण्यापलीकडे जातात आणि त्या चित्राचा प्राणच हरवतो.

फिल्टर लेयरचा जोर शंभर टक्के न ठेवता साठ-सत्तरवर आणणे हाही साधा पण गुणकारी उपाय आहे. काम झाल्यावर प्रतिमा लहान करून दुरून पाहावी. विषय तेवढ्यानेही ओळखू आला, तर गाळणी नीट झाली असे समजावे.

शैली उचलणारी यंत्रणा

आतापर्यंतच्या रीतींत यंत्र फक्त असलेली छटा बदलत होते. २०१५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथील गाटिस, एकर आणि बेटगे या संशोधकांनी निराळी पद्धत मांडली. एका चित्राची शैली आणि दुसऱ्या छायाचित्राचा आशय न्यूरल नेटवर्कच्या साह्याने एकत्र आणता येतो, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘प्रिझ्मा’ या अ‍ॅपने असाच प्रकार मोबाईलवर आणला. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या साह्याने घरचे फोटो जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या शैलीत बदलण्याची लाट आली, ती याच्याही पुढची पायरी होती. या नव्या यंत्रणा छायाचित्रावर केवळ रंग चढवत नाहीत. त्याच्या आधाराने संपूर्ण प्रतिमा नव्याने रचतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. अशी यंत्रणा ज्या प्रतिमांवर शिकलेली असते त्यांच्या सर्वसाधारण रूपाकडे तिचा कल असतो. सिंधीपुऱ्यासारखी फारशी न टिपलेली वेस तिच्यापुढे ठेवली, तर ढासळलेल्या कोपऱ्याच्या जागी सुबक कोपरा, साध्या कमानीच्या जागी प्रसिद्ध मोगल वास्तूंसारखी नक्षी आणि दुकानाच्या फलकावर कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरे येऊ शकतात. चित्र सुंदर दिसेल, पण ते त्या जागेचे राहणार नाही. आजोबांच्या पुसट फोटोवर हेच केले तर नाकाची ठेवण, कपाळावरचा व्रण, पागोट्याची बांधणी यंत्राच्या मनाप्रमाणे बदलू शकते, आणि पुढची पिढी त्याच चेहऱ्याला आजोबा समजेल. हौसेसाठी ही साधने जरूर वापरावीत. घराण्याच्या किंवा गावाच्या संग्रहात मात्र त्यांची निर्मिती मूळ फोटोच्या जागी ठेवू नये.

साधने आणि छपाई

व्यावसायिकांत १९९० पासून बाजारात असलेले फोटोशॉप रूढ आहे. ‘गिम्प’ आणि ‘क्रिता’ ही मोफत, मुक्त साधने आहेत. लेयर, मास्क आणि मिश्रणप्रकार या तिन्ही सोयी दोहोंत मिळतात. गिम्पच्या ‘आर्टिस्टिक’ यादीत तैलरंगासह अनेक फिल्टर आहेत आणि ‘जीमिक’ हे जोडसाधन बसवल्यास त्यात आणखी शेकडोंची भर पडते. मोबाईलवर ‘स्नॅपसीड’ पूर्वतयारीसाठी पुरेसे आहे.

छपाईसाठी साधा हिशेब ध्यानात ठेवावा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. ३०० पीपीआयने तो सुमारे १३ बाय १० इंच छापता येतो. कॅनव्हासवरील चित्र दुरून पाहिले जाते, म्हणून तेथे १५० पीपीआय चालते आणि आकार दुप्पट मिळतो. पडद्यावरचे रंग कागदावर किंचित मंद उतरतात. मोठी प्रत काढण्याआधी लहान नमुना छापून पाहावा. चौकटीत काच आणि चित्र यांत माउंटची फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात चित्र काचेला चिकटते.

कायदा काय सांगतो

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार प्रत्येक छायाचित्र ही कलाकृती आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. दुसऱ्याच्या छायाचित्रात फेरबदल करून ते प्रसिद्ध करायचे असेल तर त्याची परवानगी लागते. फिल्टरमुळे ते आपले होत नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, तो काढवून घेणारा असतो. तरी कर्तृत्वाचा उल्लेख आणि प्रतिष्ठेला बाधक विकृतीविरुद्ध दाद मागणे, हे छायाचित्रकाराचे हक्क कलम ५७ प्रमाणे शाबूत राहतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांचे संरक्षण छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. वास्तूचे चित्र किंवा छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याने वास्तूच्या कॉपीराइटचा भंग होत नाही.

बातमी आणि चित्र

कलात्मक संस्करणाला एका क्षेत्रात मुळीच जागा नाही, ते म्हणजे वृत्तछायाचित्रण. २००६ च्या लेबनॉन युद्धात एका छायाचित्रकाराने बैरूतवरचा धूर संगणकावर दाट केला. हे उघडकीस आल्यावर रॉयटर्सने त्याचे काम थांबवले आणि त्याची ९२० छायाचित्रे संग्रहातून काढून टाकली. वारसास्थळांची नोंद, पूर किंवा पडझडीचे पंचनामे, न्यायालयात द्यायचे फोटो यांनाही हाच दंडक लावला पाहिजे. उजेड आणि रंगांचा तोल एवढ्यावर थांबावे; वस्तू काढू नये, घालूही नये.

इतरत्र कल्पकतेला मोकळीक आहे, पण एक शिस्त पाळावी. फाईलच्या नावात जागा आणि दिनांक लिहावा. संस्करण केलेल्या प्रतीच्या नावापुढे ‘चित्ररूप’ असा शब्द जोडावा आणि काय काढले, काय बदलले ते एका ओळीत नोंदवावे. उदाहरणार्थ, ‘सिंधीपुरा वेस, जलरंग रूप, तारा व फलक काढले आहेत.’ छापील प्रतीच्या मागेही हीच ओळ पेन्सिलीने लिहावी. पन्नास वर्षांनी ते चित्र हाती घेणाऱ्याला वेशीवर तारा नव्हत्याच असे मग वाटणार नाही, आणि मूळ फोटो शोधण्याची दिशाही त्याला मिळेल.